अजमतचा एक टक्का

३० एप्रिल, सकाळ
भोकरदनच्या शाळेचं काम संपलं. ठेका माझा, त्यातलं स्लॅब-प्लास्टर मी अजमतला दिलं होतं. त्याच्या मार्चच्या बिलातून एक टक्का टीडीएस कापलाय, चौदा हजार. ते त्याच्या नावावर सरकारात भरायची आज शेवटची तारीख. आजच भरणार. नियमाच्या बाबतीत आपण पक्के.

३० एप्रिल, संध्याकाळ
घरच्या ओट्याच्या टाइल्सवर सूट होती. तीही आजच शेवटची. बरोबर चौदा हजारात बसल्या. सरकार व्याज लावून का होईना थांबतं, दुकानदार थांबत नाही. उद्या नक्की.

११ मे
टाइल्स अजमतनेच बसवल्या. मजुरी घेतली नाही. फार अपराधी वाटलं. त्याला दोनदा चहा पाजला, मग जरा कमी वाटलं.

१८ जून
टॅक्सचं काम बघणाऱ्या राधेश्यामजींचा फोन. मी पैसे भरल्याशिवाय अजमतच्या नावावर काही दिसणार नाही, शिवाय रिटर्न उशिरा म्हणून रोज दोनशे दंड चालू आहे म्हणे. मी म्हणालो, सर्व्हर डाऊन असेल. सोमवारी पहिलं काम हेच.

१९ जुलै
अजमत आला होता. त्याच्या मुलीचा, लायबाचा, जालन्यात नर्सिंगला नंबर लागलाय. त्याचं उत्पन्न टॅक्सात बसत नाही, त्यामुळे ते चौदा हजार त्याला परत मिळायचेत. फीसाठी त्यांचीच वाट बघतोय. मी म्हणालो, सरकारी काम, वेळ लागतो. सरकारला चार शिव्याही घातल्या. उलट त्यानेच मला समजावलं, इतका त्रास करून घेऊ नका म्हणून. लाज वाटली. खरंच वाटली.

६ ऑगस्ट
भरले! दंड जवळजवळ मुद्दलाइतकाच. पण मन स्वच्छ. उद्या पेढे घेऊन धावड्याला, अजमतच्या घरी. उशीर झाला, पण शब्द पाळणारे आहेत किती?

७ ऑगस्ट
जन्नतबीने, त्याच्या बायकोने, पेढे घेतले, चहा ठेवला. मी पावती दाखवली. अजमतने ती नीट बघितली.
"काकासाहेब, फीची तारीख गेल्या हप्त्यातच होती. स्लॅब ओतायच्या सगळ्या लोखंडी प्लेटा विकून भरली."
प्लेटा नव्या घेऊ, मी बघतो, असं काहीतरी म्हणालो.
"ऱ्हाऊ द्या. प्लेटा न्हाईत तर ठेका कशाचा? आता तुमच्याकडं मिस्तरी म्हणून रोजानं येतो." मग त्याने विचारलं, "रोजातून टीडीएस कापत न्हाईत ना?"
नाही कापत, म्हणालो.