दोन दिवस गैरहजर

आई, गेल्या आठवड्यात मी तुझ्यासारखं केलं. वर्गातली एक मुलगी दोन दिवस आली नाही, म्हणून शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आता असं कुणी जात नाही. पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला की आपलं काम झालं. मीही टाकला होता. उत्तर आलं नाही, आणि तुझा नियम डोक्यातून जाईना: मूल दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

येलहंक्याच्या शाळेत तू शिकवायचीस, तेव्हा मी चौथीत असेन. शाळा सुटली की माझा हात धरून तू कुणाच्या ना कुणाच्या घरी निघायचीस. पुण्याहून आलेली तू, कन्नड तोडकंमोडकं, पण थेट स्वयंपाकघरात जाऊन बसायचीस आणि प्यायला पाणी मागायचीस. पहिल्या भेटीत तक्रार न्यायची नाही, असं तुझं म्हणणं. मी दारात चपलांपाशी ताटकळत बसायचे, आतून तुझं हसणं ऐकू यायचं. एकदा मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले. दुखत काहीच नव्हतं. तू मऊ भात करून ठेवलास, शेजारच्या अक्कांना लक्ष ठेवायला सांगितलंस आणि शाळेत गेलीस. संध्याकाळी उशिराच आलीस, कारण दुसरी कुणी गैरहजर होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं पुढे बाबांना म्हणाले, तर ते नुसते हसले. मला मात्र तेव्हा फार रडू आलं होतं.

गेल्या आठवड्यात के. आर. पुरमच्या एका गल्लीत त्या मुलीच्या आईने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहराच उतरला. "एन माडिदळु, मिस?" काय केलं हिने, हाच पहिला प्रश्न. अभ्यास बुडतोय, परीक्षा जवळ आलीय, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. ते गिळलं. "काही नाही, अक्का. स्वल्प नीर कोडी," म्हणाले आणि पाणी पीत गॅसपाशीच बसले. मुलगी नाचणीचे रागीमुद्दे वळत होती. मलाही एक गोळा वळायला दिला, माझा हात पोळला, तशा दोघी हसल्या. मग मान खाली घालून मुलीने सांगितलं. ती यंदाच आनेकलच्या कन्नड शाळेतून आमच्याकडे आलेली. इंग्रजी वाचताना अडली की मुलं खिदळतात. आता शाळा नको, आईबरोबर कपड्यांच्या फॅक्टरीत जाते म्हणाली. तिची आई माझ्याकडे बघत राहिली.

"सोमवारी ये," मी म्हटलं. "दोघी मिळून वाचू. तू इंग्रजीत अडलीस की मी सांगेन, मी कन्नडात अडले की तू सांग."

सोमवारी ती आली. हळू वाचते, पण वाचते. माझं कन्नड ऐकून आता वर्ग मला हसतो, तेव्हा सगळ्यात आधी तीच हसते. तुला हे सांगायचं होतं. घरी येऊन सांगावं असं, तू गेल्यानंतरही, तुझ्याशिवाय कुणी नाही.

कालपासून मी घरीच आहे. अजून कणकण आहे, असं शाळेत कळवलंय. तुझ्या हाती हे कधी पडणार नाही, म्हणूनच लिहिते. ताप काल दुपारीच उतरला होता. तरी आज गेले नाही, दोन दिवस पुरे होऊ दिले. शाळा सुटायच्या वेळेला तांब्याभर पाणी भरून ठेवलं आणि दाराला कडी घातली नाही.