ती शिंक माझी होती

आत्याबाई,

तुमच्या परसात मी आजकाल नाकातोंडाला फडकं बांधून जाते, डोळ्यांवर नातीचा गाडीवर घालायचा चष्मा चढवते, आणि मंगच खुरपं उचलते. गल्लीतल्या बाया विचारतात, म्हातारे, कुठं दरोडा घालायला निघालीस. मी सांगते, दोडक्याच्या वेलावर. सासू म्हणून तुम्ही हे सोंग बघितलं असतं तर आधी हसला असता आणि मंग चार गोष्टी सुनावल्या असत्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही लावलेला शेवगा पोकळ होऊन पडला, त्याच्या जागी दुसरा लावला, तोही आता म्हातारा झाला. माझं नाक मात्र तसंच आहे. ‘नाक हाय का नळ’ म्हणायच्या तुम्ही. गावातला नळ आठवड्याला एकदा येतो, माझा रोज येतो, एवढाच फरक.

मला लिहिता येत न्हाई हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हाला तरी कुठं येत होतं. सून लिहून राह्यली. अंगणवाडीत लेकरांची वजनं लिहून लिहून तिचं अक्षर बारीक झालंय, आणि मी दोन वाक्यं सलग बोलले की ‘आई, हळू’ म्हणते. तुमची लेक, माझ्या वन्सं, सुनेच्या आत्या, दिवाळीपासून इथंच आहेत. आत्ता दुपारच्या त्या खालच्या गल्लीत त्यांच्या मावसबहिणीकडं बसायला गेल्या, म्हणून ही सवड काढली. जे सांगायचं ते त्यांच्यासमोर सांगता येत न्हाई, आणि त्यांना सांगितल्याशिवाय मला जेवणही जाईना झालंय.

झालं असं, की गेल्या साली पाऊस उघडल्यावर मला दम लागायला लागला. शिंका तर जन्माच्याच, पण आता वांग्याच्या वाफ्यात बसलं की छाती वाजायची, डोळे टोमॅटोसारखे व्हायचे. लेकानं जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणजे कोवळा पोरगा, मिसरूड नुकती फुटलेली. त्यानं माझ्या हातावर ओळीनं थेंब टाकले, वरून सुई टोचली, आणि एका ठिकाणी ही एवढी गांध उठली. म्हणाला, आजी, तुम्हाला गाजरगवताची ॲलर्जी आहे. त्याच्या फुलातली भुकटी वाऱ्यावर उडती आणि तुमच्या नाकात जाती. मी विचारलं, हे कधीपासून असंल? तो म्हणाला, तरुणपणापासूनही असू शकतं. मी त्या गांधीवरून बोट फिरवत राह्यले. त्याला वाटलं आजी घाबरली, माझ्या पाठीवर हात ठेवला बिचाऱ्यानं. मी घाबरले नव्हते. मी मनानं तुमच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राह्यल्ते.

बाग बंद करा म्हणाला. मी म्हणाले, बाबा, नवरा गेला, दात गेले, आता दोडका तरी राहू दे. मंग हसला आणि नीट समजावून सांगितलं. गवत फुलायच्या आधीच उपटायचं. पांढरे ठिपके दिसले की मी हात लावायचा न्हाई, दुसऱ्यानं मोजे घालून काढायचं, आणि काढायच्या आधी त्यावर पाणी मारायचं, म्हणजे भुकटी बसती. वारं सुटलं की घरात यायचं. परसातून आलं की लुगडं बदलायचं, नाक धुवायचं, केसांवरून पाणी घ्यायचं. धुणं परसातल्या तारेवर वाळत घालायचं न्हाई. रोज एक गोळी, आणि नाकात मारायचा फवारा. फवारा म्हटल्यावर मी विचारलं, पाठीवर घ्यायचा का. लेकाला माझी लाज वाटली. पण आत्याबाई, मी घरी येताना एसटीत विचार करत बसले, की ह्या पोरानं सांगितलं त्यातलं अर्धं मी आधीच करत आले आहे. कोणी करायला लावलं ते आठवलं, आणि जाफराबादेची एक बाई शेजारी बसली होती तिच्यासमोर मला रडू आलं. ती म्हणाली, डॉक्टरनं काय सांगितलं हो. मी म्हणाले, गवत.

आता त्या दिवसाचं बोलते. तुळशीचं लगीन होऊन गेल्तं. मला तुमच्या घरात येऊन पाच-सहा महिने झाले असतील. वन्सं चौथी शिकलेल्या, अख्ख्या गल्लीत तेवढी शिकलेली पोर नव्हती, म्हणून कुंभार पिंपळगावचा एक मास्तर त्यांच्यासाठी बघितला होता, आणि त्या दिवशी मामंजी, धाकटे मामंजी आणि तुमचा लेक सुपारी फोडायला निघाले होते. सकाळीच तुम्ही मला म्हणालात, परस साफ कर, चार माणसं येतील-जातील. तेव्हा ते गवत गावात नवंच आल्तं. पांढरी, नाजूक, मोहरीएवढी फुलं. मला तर ते इतकं आवडायचं की एक दिवस मी ते तुळशीला वाह्यलं होतं. कवळ्याच्या कवळ्या उपटून उकिरड्यावर टाकल्या आणि मागच्या दारानं आत आले. माणसं पुढच्या उंबऱ्यावर आहेत. मामंजींच्या हातात सुपारीचा रुमाल आहे. तुम्ही दाराआड उभ्या, तुमच्या मागं मी. मामंजी उजवं पाऊल बाहेर टाकतात आणि माझ्या नाकात मुंग्या चालायला लागतात. मी पदराचा बोळा कोंबला, श्वास धरला, देवाचं नाव घेतलं. तरी आली. दोन आल्या असत्या तरी चाललं असतं, दोन शिंका शुभ धरतात. पुढं जन्मभर दहा-दहा आल्या, पण त्या दिवशी मेली एकच आली.

मामंजी वळले. “कोण शिंकलं?”

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “मी.”

मामंजींनी तुमच्याकडं असं बघितलं की मला वाटलं त्या नजरेनं भिंतीचा पोपडा पडंल. मंग सगळे परत आत आले, बूट काढले, बसले, पाणी प्याले, गुळाचा खडा तोंडात टाकला. शिंक आडवी आली की घटकाभर टाळायची, ही रीत. घटका टळली आणि एसटीही टळली. दुसरी दुपारची. ते पिंपळगावात पोचले तोवर मास्तराच्या ओसरीवर दुसऱ्या गावची माणसं बसलेली, पानसुपारी झालेली. दिवेलागणीला तिघं परत आले. मामंजी जेवले न्हाईत. म्हणाले, हिच्या नाकानं पोरीचं वाटोळं केलं. वन्सं जात्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं.

मी चुलीपाशी तुमच्या शेजारी बसून रडत होते. म्हणाले, मी जाऊन सांगते. तुम्ही भाकरी उलटली, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

“गप बस. नवी सून शिंकली म्हणले तर तू जल्मभर पांढऱ्या पायाची. घरात कोंबडी मेली तरी तुझंच नाव. मी जुनी झाले, माझे पाय आता कोण बघतंय.”

आणि थोड्या वेळानं, दुसरी भाकरी थापता थापता, “उद्यापासून त्या गवताला हात लावलास तर बघ.”

कसं ओळखलं तुम्ही, आत्याबाई? आम्हाला सुई टोचल्यावर कळलं. तुम्ही नुसतं बघत होता. गवताला गेली की शिंकती, भांड्याला बसली की न्हाई. त्यानंतर निंदायला तुम्ही जायच्या आणि मला पाणी घालायला, कांद्याचं रोप लावायला, ओल्या कामाला लावायच्या. तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी करून माझ्या कनवटीला खोचायच्या, नाक भरलं की हुंगत जा म्हणून. भिजवलेलं फडकं तोंडाला बांधायलाही तुम्हीच शिकवलं. शेजारणी म्हणायच्या, सासू उन्हात राबती आणि सून झारी घेऊन मिरवती. तुम्ही त्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, काय करता, राणीचं नाक आणलंय आमच्या घरी. मला ते इतकं लागायचं की मी माहेरी जाऊन तुमची गाऱ्हाणी सांगायची. सासू टोचून बोलती म्हणायची. ओव्याची पुरचुंडी तेव्हाही कनवटीलाच असायची.

वन्संला पुढच्या साली अंकुशनगरच्या बाजूला दिलं. माणूस कष्टाळू होता पण तोंडाचा कडू, हे तुम्हाला ठाऊकच. वन्सं दिवाळीला यायच्या, एक रात्र राहायच्या, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जायच्या. एकदा तुम्ही त्यांच्या ताटात पुरणपोळी वाढत होता, तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, माझ्या मायच्या नाकानं माझं नशीब फोडलं. मी तुपाची वाटी घेऊन उभी. तुम्ही एवढंच म्हणालात, खा, गार होती. मी ती वाटी खाली ठेवली आणि परसात निघून गेले. तिथं वारं होतं, गवत होतं, मी मन भरून शिंकले. ऐकायला कोणी नव्हतं.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी परत विचारलं. म्हणाले, आता तरी वन्संला सांगू द्या, माय-लेकीचं गोड होऊन जाऊ द्या. तुम्हाला बोलायला त्रास होत होता. तरी माझं मनगट धरून बोललात.

“माझ्यावरचा राग माझ्यासंगं जाईल. तुझ्यावर धरला तर तिचं माहेर तुटंल. मी मेल्यावर तिचं माहेर म्हणजे तूच हायस, बाई.”

मंग मी सांगायचा नाद सोडला. तुम्ही गेलात, मामंजी गेले, तुमचा लेक गेला. वन्संचे मालक गेले. भाऊ न्हाई तरी वन्सं दिवाळीला येत राह्यल्या, एक रात्र राहून जात राह्यल्या. ती शिंकेची गोष्ट त्यांनी माझ्या लेकालाही सांगितली, नातीलाही सांगितली. तुम्ही ह्या पोरीला कडेवर घेऊन चांदण्या दाखवलेल्या न्हाईत, तिला आजीची सासू ठाऊक न्हाई, पणजीचं नाक तेवढं ठाऊक आहे.

ह्या दिवाळीला मी ठरवलं होतं. पाडव्याच्या सकाळी वन्सं कोथिंबीर खुडायला परसात आल्या, मी फडकं-चष्मा लावून बसल्ते. म्हणाल्या, वैनी, हे काय रूप. मी सगळं सांगितलं, डॉक्टर, सुई, भुकटी. बोट करून गवत दाखवलं. आणि मंग काळजाचा दगड करून म्हणाले, “वन्सं, त्या दिवशीची ती शिंक अपशकुनाची नव्हती. गवताची होती. सकाळी परसातलं गवत उपटलं होतं.”

वन्संनी कोथिंबीर खाली ठेवली आणि वाकून ते गवत बघितलं. मंग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या मायलाबी हाच आजार होता का, वैनी?”

आत्याबाई, शब्द जिभेवर होता. माय न्हाई, मी. एवढंच म्हणायचं होतं. तोंडाला फडकं होतं, डोळ्यांवर काच होती, माझं तोंड त्यांना दिसतही नव्हतं. ह्याहून सोपं अजून काय हवं होतं मला.

मी म्हणाले, “हो.”

वन्सं तिथंच वाफ्याच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, तिला औषध मिळालं असतं तर. म्हणाल्या, मी किती बोलले तिला, ताटावर बोलले. सत्तरीची बाई ढसाढसा रडली. मंग उठून त्यांनी परसातलं सगळं गवत उघड्या हातांनी उपटलं, मी पाणी मारा म्हणून सांगतेय, ऐकतंय कोण. एकेक बुडखा उपटायच्या आणि त्याला शिवी द्यायच्या. ऊन डोक्यावर आलं तरी थांबल्या न्हाईत. मी आडोशाला उभी राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला बॅग भरली न्हाई. तिसऱ्या दिवशीही न्हाई. काल त्यांनी पुरण घातलं आणि पहिली पोळी तुमच्या फोटोपुढं ठेवली. रोज रात्री झोपताना तुमचं काहीतरी विचारतात, माय काय खायची, माय हसायची का. मी सांगते. तुमच्याबद्दल इतकं खरं मी जन्मात कोणाशी बोलले नव्हते, आणि ते सगळं एका खोट्यावर उभं आहे.

इथं सुनेनं लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाली, आई, आत्यांचं माहेर तुटू नये म्हणूनच तुम्ही हो म्हणालात ना. फार चांगली पोर आहे, सासूला वाट काढून देती. मीही चार दिवस स्वतःला तेच सांगून राह्यले. पण तुमच्याशी काय लपवायचं. माहेर-बिहेर त्या वेळी मनातसुद्धा आलं न्हाई. मी भ्याले, आत्याबाई. नव्या नवरीसारखी भ्याले. आणि ह्या वयात मला पांढऱ्या पायाची म्हणणारं आता कोणी उरलेलं न्हाई.

वन्सं येण्याची वेळ झाली. सून विचारती, कागद कुठं ठेवू. मी म्हणाले, माझ्या गादीखाली सार. ती म्हणाली, गादी तर रोज सकाळी आत्याच उचलतात. ते मला ठाऊक होतं. वन्संला चांगलं वाचता येतं, तेही ठाऊक होतं. तरी मी तिला दुसरी जागा सांगितली न्हाई.