डेंटिस्टच्या लॉनसाठी बांबू

१२ फेब्रुवारी
चार दिवस बहिणीकडे काय गेले, शेजारच्या डेंटिस्टने माझी जाई बुंध्यापासून कापली. ह्यांनी लावलेली, ह्यांच्या मागे उरलेली एकुलती एक वेल. भिंतीला रंग द्यायचा होता म्हणे. पेंटरला नुसती छाटायला सांगितली होती म्हणे. सॉरी काकू म्हणाला. मी त्याची काकू कधीपासून?
बुंधा अजून ओला आहे. फुटेल. तोवर सूड.

१५ फेब्रुवारी
नर्सरीत बुटका बांबू पाहिला. जेमतेम गुडघ्याएवढा, पानांवर पांढरे पट्टे. दिसायला गरीब. नर्सरीवाला म्हणाला, बाई, हा कुंडीतच लावा, जमिनीत लावलात तर हात टेकाल. ऊन, थंडी, कशाला दाद देत नाही. मुळं खोल जात नाहीत, फूटभर खालून आडवी पळतात. मी विचारलं, शेजाऱ्याकडेही? म्हणाला, वाट मिळेल तिकडे.
सहा रोपं घेतली. कुंडी एकही नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
भिंतीलगत लावली. जाईच्या बुंध्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन. ही भिंतसुद्धा माझ्यामुळे धड आहे. डेंटिस्ट नुसत्या विटा रचून मोकळा होणार होता. मी टेप घेऊन उन्हात उभी राहिले आणि तीन फूट खोल काँक्रीट भरून घेतलं. चाळीस नर्सेस सांभाळलेल्या मेट्रनशी गाठ होती.

३० एप्रिल
काही हालचाल नाही. खत दुप्पट.

९ जुलै
बुंध्याला दोन पानं फुटली! ह्यांना सांगावंसं वाटलं. बांबूलाही कोंब आले. सगळे माझ्याच बाजूला. आधी घरच्या बाजूने जोर धरत असेल.

२१ ऑगस्ट
डेंटिस्ट भिंतीवरून डोकावून म्हणाला, काकू, झाडं फार सुंदर आहेत हो. हस, बाबा. वर्षभरात तुझ्या लॉनमधून एकेक कोंब उपटताना तुला कळेल, दाढ काढून घेणाऱ्याला काय वाटतं.

३ फेब्रुवारी
स्टुलावर चढून पाहिलं. त्याचं लॉन बिलियर्डच्या टेबलासारखं. माझ्याकडे बांबू पसरत पसरत अंगणातल्या कपड्यांच्या दोरीखाली पोचला. बहीण फोनवर म्हणाली, ताई, उपटून टाक ना. तिला स्ट्रॅटेजी कळत नाही. शाळेतही नन्स तिला मागच्या बाकावर बसवायच्या.

१८ जून
जाईची पानं दिसत नाहीत. बांबूने झाकली असतील. सावली बरी असते कोवळ्या पानांना.

४ सप्टेंबर
बाथरूमच्या फरशीच्या फटीतून कोंब. छाटला. मंगळवारी पुन्हा हजर.

१० सप्टेंबर
नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने भिंतीशी पहार मारली, ठण्ण आवाज आला. म्हणाला, एवढं खोल काँक्रीट कोणी भरलं? मुळं पलीकडे जाणार कशी, सगळी तुमच्याकडेच वळली. मी म्हटलं, डेंटिस्टने.
खणताना जाईचा बुंधा हाताला लागला. वाळून भुगा. मुळांनी चारी बाजूंनी आवळलेला. नर्सरीवाल्याला म्हटलं, आज राहू दे, जा.

११ सप्टेंबर
काही नाही.

१५ सप्टेंबर
डेंटिस्ट दारात. हातात वीतभर रोप. म्हणाला, काकू, त्या दिवशी पेंटरने टाकलेल्या फांद्यांतल्या चार मी लावून ठेवल्या होत्या, तीन जगल्या. तुम्ही दारच उघडत नव्हता, द्यायच्या कशा? त्याच्याकडच्या दोघींना फुलं येतात म्हणे.
मी थँक्स म्हटलं नाही. आपली वस्तू परत घेताना म्हणत नाहीत.
सबंध बागेत तिला वीतभर जमीन सापडेना. बाजारात जाऊन आले.
जाई कुंडीत लावली.