गुरुवारचं दप्तर

प्रिय ताई,

माझ्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी फार चौकस आहे. तिचा विषय कल्याणकारी राज्य आणि गरीब घरांचा चिवटपणा. ती म्हणते, मदतीशिवाय अशी घरं टिकत नाहीत. मी तिला सारखी ऐकवते, "सरकारी मदतीशिवायही माणसं तगतात. आई गेल्यावर माझ्या ताईने एकटीने घर ओढलं, कुणापुढे हात पसरला नाही." तीस वर्षं मी तुझं उदाहरण देतेय.

काल तिने एक जुना फोटो आणला. सरकारी निर्वाह भत्त्याच्या कचेरीबाहेरची रांग; मागे लिहिलेलं, 'महिन्याचा पहिला गुरुवार, वाटपाचा दिवस'. "मॅडम, या तिसऱ्या बाईने शाळेचं दप्तर कशाला आणलं असेल?"

ती तू होतीस. दप्तर माझं, तुटक्या बक्कलाला तू बांधलेल्या नाडीसकट.

मी आदल्या संध्याकाळी दाराशी ठेवलेलं दप्तर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गायब व्हायचं. तू म्हणायचीस, "हो पुढे, शोधून आणते." मग शेजारणींना सांगायचीस, "विसरली वेंधळी, शाळेत देऊन येते." घरभर माझं तेच नाव पडलं. कुठे लपवायचीस ग? पिठाच्या डब्यामागे?

मी त्या मुलीला म्हटलं, "तुझंच बरोबर. प्रबंधातलं माझं उदाहरण खोड."

हे पत्र मात्र पाठवणार नाही. रविवारी फोनवर तू विचारशील, "चष्मा सापडला का, वेंधळे?" तो माझ्या डोळ्यांवरच असेल. मी म्हणेन, "नाही ग. कुठे ठेवला, काही आठवत नाही."

तुझीच,
वेंधळी