कपाटातले अकरा एक्स-रे

"ताई, नळ सुटला की समजायचं, आज पाहुणे येणार." आमच्या कारखान्यात तीन नंबरच्या चाकावर फरश्या घासणारा कारागीर एकोणीस वर्षांपूर्वी मला हे हसत हसत म्हणाला होता. मीही हसले होते. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. पण मला जे वाटून द्यायचं आहे, ते तिथूनच सुरू होतं.

माझं वय सत्तेचाळीस. दुखणं पोटाचं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कुणाच्या सांगण्यावरून किंवा धाकानं लिहीत नाही. ज्या मृत्युपत्रात मी सगळं काही दादाला दिलं होतं, ते यापुढे रद्द समजावं.

राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, धाकट्या मावशीला तिच्या हयातीपर्यंत. तिच्यानंतर ते उपचारांसाठी खेपा घालणाऱ्या कारागिरांना उतरायला मोकळं ठेवावं. मावशी कालच म्हणाली, "म्हणजे माझ्या अंथरुणावर खोकणारी माणसं झोपणार होय गं?" हो मावशी, झोपणार.

माझं मनगटी घड्याळ वहिनीला. तिनं एकदा जेवताना विचारलं होतं, "एवढी भुकटी उडते, ती जाते कुठं हो?" दादा म्हणाला, "झाडून टाकतात." आमच्या घरात हा प्रश्न विचारणारी ती एकटीच.

आता कारखाना. बाबांनी तो आम्हा दोघांना निम्मा-निम्मा दिला. घासताना चाकावर पाणी सोडलं की दगडाची भुकटी खाली बसते, पण काम सावकाश होतं आणि फरश्या वाळवत बसावं लागतं. म्हणून आमच्याकडे नळ फक्त सरकारी तपासणीच्या दिवशी सुटे. माझ्याकडे सामाजिक जबाबदारीचं खातं होतं. शाळेला बाकं दिली, रस्त्याकडेला झाडं लावली, दरवर्षी गुळगुळीत कागदावर अहवाल छापला. सात वर्षांपूर्वी छातीच्या तपासणीचं शिबिर घेतलं. ओळीत उभ्या कारागिरांचा फोटो मुखपृष्ठावर आला, आम्हाला ढालही मिळाली.

महिन्याभरानं एक्स-रे आले. अकरा जणांच्या छातीत दगड साचला होता. दादा म्हणाला, "ही मोठी ऑर्डर जाऊ दे, मग सांगू. आत्ता सांगितलंस तर चाकं बंद पडतील, आणि चुली त्यांच्याच विझतील." दादानं मला दटावलं नाही. मला ते पटलं. एक्स-रे कपाटात गेले, आणि कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. एक ऑर्डर गेली, दुसरी आली.

अकरांपैकी पाच जण गेले. उरलेल्या सहा जणांचे एक्स-रे मी गेल्या सोमवारी घरोघरी जाऊन दिले. एकानं तो खिडकीपाशी उलटा धरून पाहिला. "हा माझाच ना? मग तेव्हाच का नाही दिलात?" खाली बघत मी त्याच्या हातातला एक्स-रे सुलटा करून दिला.

कारखान्यातला माझा निम्मा हिस्सा चाकांवर काम करणाऱ्या सगळ्यांच्या संस्थेला. अट एकच: पाणी वाहिल्याशिवाय चाक फिरूच नये, अशी जोडणी करावी. वायरमननं काढून दिलेला नकाशा सोबत आहे. दादा कोर्टात जाईल, त्याचीही तजवीज मी केली आहे. दादा, सायकल शिकवताना तू मागची सीट धरून धापा टाकत धावायचास, ते मी विसरलेले नाही. ही तुला शिक्षा नाही. पण चाक कोरडं फिरवायची मुभा मी तुझ्या हाती ठेवणार नाही.

ढाल भंगारात द्यावी.

गेलेल्या पाचांमधला पहिला, तीन नंबरच्या चाकावरचा कारागीर. त्याचा एक्स-रे द्यायला गेले, तर त्याच्या बायकोनं मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. "पैसे आणले असाल तर परत न्या," ती म्हणाली. "मी दर पावसाळ्यात म्हणायचे, खोकला बरा दिसत नाही, दुसरीकडे दाखवू. हे म्हणायचे, ताईंनी तपासणी केलीय, काही असतं तर ताई बोलल्या असत्या." मग तिनं दार लावून घेतलं.

हे सगळं मी स्वतः वाचून, समजून सही केली आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: सोळा मार्च

साक्षीदार:
१. (सही) उपचार करणारे डॉक्टर
२. (सही) वकीलबाईंचा कारकून
३. ____________

कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. तिसरी ओळ मी तीन नंबरवाल्याच्या बायकोसाठी मोकळी ठेवली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, म्हणून तिच्या नावे मी काही ठेवलेलं नाही. बाई, सही केलीत म्हणजे मला माफ केलंत, असा अर्थ कुणी काढू नये, हेही इथं लिहून ठेवते. तुमचा नवरा माझ्या गप्प बसण्यावर विसंबला, हे मी कबूल केलंय आणि तुम्ही ते वाचलंत, एवढंच त्या सहीतून दिसेल. तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. तरी वकीलबाई कागद घेऊन येतील, तेव्हा कृपा करून दार उघडा.