माझ्या खोलीची कडी आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, धंद्याने कुलूप-किल्ल्यांचा कारागीर, गल्लीत ‘चावीवाले’ म्हणून ओळखला जाणारा, वयाने साठीला टेकलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मन मात्र बरेच दिवस बरे नाही आणि त्यावर उपचार चालू आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असा मनाच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा लागला, कारण माझ्या सख्ख्या भावाने चार माणसांत सांगितले की दादाचे डोके ठिकाणावर नाही, आता त्याच्या सहीला काय किंमत. म्हणून आधी हकीकत आणि मग वाटणी. वकिलांनी हकीकत गाळायला सांगितली होती. मी म्हटले, मग वाटणीही गाळा, माझे काही अडलेले नाही. हकीकत राहिली.

मला सांध्यांचा आजार आहे. हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे. ऐन चाळिशीत आला, सांधे आतून खात गेला आणि जन्माचा सोबती होऊन बसला. सकाळी बोटे उघडत नाहीत. गरम पाण्यात हात बुडवून बसावे तेव्हा कुठे चहाचा कप धरता येतो. कानशीने किल्लीचे दात घासणे हे नाजूक काम. ज्या बोटांना केसाएवढी खाच डोळे मिटून कळायची, त्यांना आता सदऱ्याचे बटण लावता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते दिसते. भेटेल तो विचारतो, “काय, सांधे काय म्हणतात?” त्यांची इतकी चौकशी झाली की मला वाटायचे, मी नुसता या सांध्यांचा हमाल आहे. हमालाचे काय म्हणणे आहे, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

आणि हमालाची अवस्था वाईट होती. हातातले काम गेले, तसा जीव कशातच रमेना. जेवण नको, माणसे नकोत. गिऱ्हाईक आले की मी आत सरकायचो, कारण ते माझ्यासमोरच “तुमच्या भावाला बोलवा” म्हणायचे. एका दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि बोलून गेलो, “मला सकाळी उठावंसंच वाटत नाही गं. कधी कधी वाटतं, झोपेतच आटोपलं तर बरं.” वर हेही म्हणालो, “हे तुझ्यामाझ्यात ठेव.”

तिने माझा हात हातात घेतला. “शप्पथ,” म्हणाली.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. किती वर्षांनी इतके मोकळे वाटले! संध्याकाळी दुकानात चक्क शीळ घालत बसलो होतो. धाकटा भाऊ मधेच “जरा घरी जाऊन येतो” म्हणून उठला, तेव्हाही मला काही कळले नाही. तिने त्याला बोलावून घेतले होते. मी इकडे शीळ घालत होतो आणि तिकडे माझे मन माझ्याच स्वयंपाकघरात उघडून मांडले जात होते. ती शीळ आठवली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्याच आठवड्यात मी रक्त तपासायला इस्पितळात गेलो. परत येऊन पाहतो तर माझ्या खोलीच्या दाराची आतली कडी गायब, न्हाणीघराचीही गायब. भोकांत लांबी भरलेली आणि ती अजून ओली. उभ्या गल्लीच्या दारांना मी कड्या बसवल्या, आणि माझ्याच दाराला कडी नाही!

“सुतार आला होता दादा,” धाकटा म्हणाला. “दारं फुगलीत म्हणाला.”

एक स्क्रू चौकटीत तसाच राहिला होता आणि त्याचे डोके उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते. कोणताही सुतार स्क्रूची अशी दशा करत नाही. तो धाकट्याचाच हात. अख्खा धंदा मी त्याला शिकवला, पण स्क्रू सरळ पिळायला त्याला कधी जमले नाही. मी बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, “असू दे की, आपल्याच घरात कडी कशाला लागते?”

मग दाढीचे सामान गेले. कानशी, करवती, पोगर, सगळी हत्यारे “सांध्यांना आराम पडावा म्हणून” माळ्यावर गेली. घरातली माणसे एकदम खुशीत आली. मी खोलीत शिरलो की बोलणे थांबायचे आणि हसणे सुरू व्हायचे. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, तीही फोनवर, “बाबा, मस्त ना एकदम?” मी म्हणायचो, मस्त. त्या घरात मला खरे बोलायची बंदी झाली होती, आणि ती कोणी घातली हेही विचारायची सोय नव्हती. इतके एकटे मला आजाराने कधी पाडले नव्हते.

कळस पुढेच आहे. धाकट्याने दुकानाचे कुलूप बदलले आणि किल्ली मला दिली नाही. कुलूपही कसले, तर बाजारातून विकत आणलेले, मी ज्याला डब्याचे झाकण म्हणतो त्यातले. भर दुपारी मी तारेचे दोन तुकडे घेऊन तिथे गेलो. असले कुलूप एके काळी मी बोलता बोलता उघडले असते. पण बोटांत तार ठरेना. पुन्हा पुन्हा खाली पडली. वाकून उचलताना गुडघे रडवत होते. शेवटी शेजारच्या सलूनमध्ये गेलो आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडलो.

सलूनवाल्याने आधी दार ओढून घेतले. मग म्हणाला, “हात चालेनात म्हणून रडताय, का भाऊ असा वागला म्हणून?”

“दोन्ही.”

“आणि जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?”

इतके सरळ मला कोणीच विचारले नव्हते. मी म्हणालो, येते, पण करायचे नसते, नुसते मनात येऊन जाते. तो म्हणाला, “मग उद्या दुकान बंद ठेवतो. आपण डॉक्टरकडे जाऊ. मी तुमच्या घरी काही बोलणार नाही, पण तुम्ही नाही आलात तर बोलेन, हे आत्ताच सांगून ठेवतो.” याला म्हणतात माणूस. काय करणार ते आधी तोंडावर सांगितले.

मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात ती खोली इस्पितळात हाडांच्या विभागाला लागूनच आहे. इतकी वर्षे मी त्या दारावरून गुडघे दाखवायला जात होतो. बाई म्हणाल्या, कायमचे दुखणे असलेल्या माणसाचे मन खचणे ही नवलाची गोष्ट नाही आणि लाजेची तर नाहीच. कोणत्या गोळ्या चालू आहेत विचारले. सांध्यांच्या सांगितल्या. मनाची एकही नाही, म्हणालो. त्यांनी एक लिहून दिली. ती सुरू केली आणि दुसऱ्या सकाळी मला गरगरले, मी न्हाणीघरात आडवा झालो. मग उलगडा झाला. घरच्या डॉक्टरांकडून, त्यांनी मला तपासलेलेही नसताना, बायकोने मनाच्या गोळ्या आणल्या होत्या आणि ती त्या रोज माझ्या दुधात विरघळवत होती. एकावर एक पडल्या आणि जीव धोक्यात आला.

माझी राखण करणाऱ्यांनीच मला जवळजवळ संपवले होते. मागितले असते तर मी त्या गोळ्या पाण्याबरोबर निमूट गिळल्या असत्या. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितले, “तुम्ही घाबरलात हे चुकलं नाही. वस्तू दूर ठेवल्यात, तेही एक वेळ ठीक. पण त्यांच्यापासून लपवून केलंत, ते चुकलं.” ती नुसती रडत राहिली.

मी बरा होऊ लागलो, तसा धाकट्याने नातेवाईक जमवले आणि दुकान आपल्या नावावर करायचे कागद पुढे सरकवले. माझे डोके ठिकाणावर नसल्याचे वर लिहिलेले वाक्य तो तेव्हाच बोलला. माझ्या बायकोला विचारले, “वहिनी, खोटं बोलतोय का मी? तुम्हीच सांगा दादा काय म्हणाला होता ते.” ती खाली मान घालून बसली. एका शब्दाने नाही म्हणाली नाही. हकीकत संपली.

आता वाटणी.

राहते घर आणि बँकेतली सगळी शिल्लक बायकोची. त्याला कोणतीही अट नाही. राग आला म्हणून बायकोला उघड्यावर टाकावे, इतका मी खालच्या पायरीचा नाही.

दुकान मुलीचे. मी पडलो तेव्हा ती आली, उशाशी बसली आणि म्हणाली, “बाबा, काकाने बजावलं होतं, फोनवर फक्त गमतीचं बोलायचं. मला घशाखाली घास उतरायचा नाही नंतर.” निदान सांगितले तरी. दुकान तिने चालवावे, विकावे किंवा त्यात फुले विकावीत. काकाला भाड्याने द्यायचे असेल तर भाडे बाजारभावाने घ्यावे, नाते मधे आणू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

धाकट्याला मी ते विकत आणलेले कुलूप देत आहे, किल्लीसकट. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवले, पोटाशी धरून धंदा शिकवला, आणि त्याने माझ्या दुखण्याचा दस्तऐवज केला. त्याला माझ्याकडून आणखी काही येणे नाही.

हत्यारे माळ्यावरून उतरवून, तेल देऊन, धंदेशिक्षणाच्या शाळेत द्यावीत.

खोलीला मी नवी कडी बसवून घेतली आहे. डॉक्टरीणबाईंशी बोलून अशी निवडली, की आतून लागते आणि अडचणीच्या वेळी बाहेरून किल्लीने उघडते. बाहेरची किल्ली सलूनवाल्याकडे आहे. माझ्या मागे ती कडी काढू नये. त्या खोलीत जो राहील त्याला ती लागेल.

मी गेल्यावर भेटायला येणारे म्हणतील, “सांध्यांनी फार छळलं हो बिचाऱ्यांना.” त्यांना चहा द्यावा आणि सांगावे, मनाने जास्त छळले. दोन्ही सांगायचे, चारचौघांत, आवाज न उतरवता. त्यात आपल्या घराची अब्रू जात नाही.

शेवटचे कलम. मी जिवंत असेन पण बोलता येत नसेल, तर माझ्या उपचारांबद्दल काय करायचे हे सलूनवाल्याने ठरवावे. बायकोने नाही, भावाने नाही. वकिलांच्या सांगण्यावरून याचा वेगळा कागद केला आहे, पण सगळ्यांना कळावे म्हणून इथेही लिहितो.

हे कलम लिहीत असताना बायको चहा घेऊन आली. मी कागद झाकला नाही. तिने उभ्यानेच वाचले.

“मी नाही?” ती म्हणाली.

“तू नाही.”

“परका माणूस चालतो तुम्हाला?”

“तो मला विचारून करतो.”

मला वाटले, आता रडेल, नाहीतर मुलीला फोन लावेल. तिने कप खाली ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. माझ्या बोटांकडे तिने पाहिले नाही. म्हणाली, “आज मनाचं कसं आहे?”

लग्नाला इतकी वर्षे झाली, हा प्रश्न तिने मला पहिल्यांदा विचारला. बरे आहे म्हणून मोकळे होणे सोपे होते. मी म्हणालो, “वाईट आहे. पण परवापेक्षा कमी.”

“बरं,” ती म्हणाली, आणि बसून राहिली.

कलम बदललेले नाही. ते बदलण्याचा हक्क माझ्या हयातीत माझ्याकडे आहे, हे वकिलांकडून समजून घेतले आहे. तिला मी आज जे सांगितले ते या खोलीबाहेर गेले, तर मला धाकट्याच्या तोंडावरून कळेलच. तोवर मी वाट पाहणार आहे. ती अजून समोर बसली आहे आणि चहा गार झाला आहे.

स्थळ : राहते घर, आतली खोली.
दिनांक : सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा दिवस. तारीख वकिलांनी शिक्क्याखाली घातली आहे.

सही : (वाकडी आहे, पण माझीच आहे.)

साक्षीदार :
१. सलूनवाला, दुकानाचा शेजारी. सही माझ्यासमोर झाली. हात धरू का म्हणून विचारले होते, नको म्हणाले.
२. मनाच्या डॉक्टरीणबाई. लिहिणारे शुद्धीवर आहेत आणि दुःखी आहेत. दोन्ही मी स्वतः पाहिले.