नातीसाठी गार हवा

२ एप्रिल
नात झाली! मुलगी सुखरूप. बाळ जरा अशक्त आहे, म्हणून दोघींना दवाखान्यात पंधरवडाभर ठेवणार. बाहेर ऊन मी म्हणतंय. निश्चय: नातीला घरी मीच आणणार, आपल्या गाडीतून, आणि गाडीत एसी असणार.

गाडी सासऱ्यांची जुनी. मला देऊन टाकली, तरी अजून ‘माझी गाडी’ म्हणतात. आमची मुलगी झाली तेव्हा मायलेकींना याच गाडीतून त्यांनीच घरी आणलं, कारण माझी स्कूटर वाटेत बंद पडली. प्लग मी आदल्याच दिवशी साफ केला होता. माझी काय चूक? सासऱ्यांनी ते आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. असलं न बोलणं फार लागतं.

४ एप्रिल
जुन्या बाजारातून एसीचा कंप्रेसर आणला. सोबत एक जादा पुली. इंजिनाच्या पुढच्या टोकाला क्रँकशाफ्टवर पुली असते, तिच्या खाचेतल्या पट्ट्यावर पंखा आणि पाण्याचा पंप फिरतात. एसीला दुसरी खाच हवी. एवढंच तर काम.

दुकानदार फार बोलतो. म्हणे, मूळची पुली साधी नाही, तो डॅम्पर आहे. मध्ये गाभा, बाहेर जड रिंग, दोघांच्या मध्ये रबर. इंजिनाचे हादरे ते रबर गिळतं. काढायचाच झाला तर पुली ओढून काढायचा पुलर गाभ्याला लावा, रिंगेला चुकूनही नको. मी म्हणालो, माहीत आहे. (नव्हतं. पण आता झालंच ना?)

७ एप्रिल, दुपार
पुलर गाभ्याला पुरत नाही. रिंगेला मात्र मापून केल्यासारखा बसतो. रिंगेलाच लावतो. जरासाच.

७ एप्रिल, थोड्या वेळाने
रिंग हातात आली. गाभा जागच्या जागी.

८ एप्रिल
शांत डोक्याने विचार केला. रबर म्हातारं झालं होतं, कधी ना कधी सुटणारच होतं. माझ्यासारख्या जाणत्या माणसाच्या हातून सुटलं हे बरंच झालं. जादा पुली गाभ्यावरच बोल्टने बसते, डॅम्पर काढायची गरजच नव्हती, हेही कळलं. अनुभव वाया जात नाही.

रिंग चिकटवली. डबीवर लिहिलंय, लोखंड, लाकूड, काच, काहीही चिकटतं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, नवीन का नाही घेत? म्हटलं, या इंजिनाचा डॅम्पर मिळायला महिना जाईल. मग एसीशिवाय आणू की, म्हणाली, बाळ काय तक्रार करणार आहे? बायकांना लांबचं दिसत नाही.

११ एप्रिल
गार हवा! खरोखर गार. गॅरेजात एकटाच सीटवर बसून राहिलो, डोळे भरून आले. किरकोळ गोष्टी: पुली फिरताना किंचित डुगडुगते, पट्टा किंचाळतो, स्टेअरिंग थरथरतं. पट्टा आणखी ताणला.

सासरे पायरीवर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, जावईबापू, हिचा आवाज बदललाय. म्हटलं, तो एसीचा. म्हणाले, एसी तर आत्ता बंद केलात.

१४ एप्रिल
बाजारापर्यंत चक्कर मारली. निघण्यापूर्वी गाभ्यावरून रिंगेवर खडूची एक सरळ रेघ ओढली होती. परत येऊन पाहतो तर रेघेचे दोन तुकडे, एक इकडे, एक तिकडे. खडू हलक्या प्रतीचा. पुसून टाकला.

भीती वाटते. बायकोला सांगावं का? सांगितलं की झालं, याही वेळी बाळाला दुसरंच कुणीतरी आणणार. नाही सांगत. बेत पक्का.

१६ एप्रिल, सकाळ
मुलीचा फोन. आज सोडतायत. बाबा, गाडी नीट आहे ना? एकदम फर्स्ट क्लास, म्हणालो.

१६ एप्रिल, संध्याकाळ
नातीला काहीही झालं नाही. हे आधी लिहितो.

मागे मुलगी, नात आणि बायको. शेजारी सासरे. ऐटीत एसी लावला. नात शिंकली. मुलगी म्हणाली, बाबा, बंद करा तो. बंद केला. मग नुसती थरथरच उरली. सासरे दाराची मूठ घट्ट धरून बसलेले.

उतारावर खाडकन आवाज झाला. गाडीखालून रिंग निघाली आणि आमच्या पुढे धावू लागली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. वळणावर आम्ही वळलो, ती सरळ गेली.

दोन्ही पट्टे तुटले, तापमानाचा काटा लाल खुणेवर, बोनेटमधून वाफ. गाडी कडेला घेतली. भर उन्हात. नात रडायला लागली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

इतक्यात मागे एक टॅक्सी थांबली. वाटलं, कुणी भला माणूस. बायको पिशव्या घेऊन तडक तिच्यात जाऊन बसली, मग मुलगी. टॅक्सी दवाखान्यापासूनच आमच्या मागे होती. मी रिंग चिकटवली त्याच दिवशी बायकोने ठरवून ठेवली होती म्हणे. टॅक्सीला एसी नव्हता. काचा खाली होत्या. निघेपर्यंत नात झोपलीसुद्धा.

सासरे माझ्याबरोबर थांबले. गाडीच्या सावलीत बसलो. लाज वाटली. उद्या वाटेलच असं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मग सासरे म्हणाले, जावईबापू, ती स्कूटर आहे का हो अजून?

आहे, म्हणालो. प्लग तेवढा साफ करावा लागेल.